मोटरहोमची देखभाल : छपरापासून टाक्यांपर्यंत, वर्षभराचं काम कसं लावून घ्यावं

पुण्याहून किंवा कोल्हापूरहून आईवडील सहा महिन्यांसाठी आलेले असतात, मुलांना सुट्टी लागलेली असते, आणि स्वतःचं स्वयंपाकघर बरोबर घेऊन थेट यलोस्टोनपर्यंत जावं असं मनात येतं. अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत मोटरहोमचा विषय असाच निघतो. कुठली घ्यावी, कर्ज कसं काढावं याची माहिती भरपूर मिळते. पण गाडी दारात येऊन उभी राहिली की पुढे तिचं काय करायचं हे कुणी नीट समजावून सांगत नाही, आणि चांगल्या चांगल्या गाड्या चार-पाच वर्षांत आतून कुजतात त्या त्यामुळेच.

आमची गाडी फोर्ड ई-४५० चॅसिसवरची क्लास सी आहे, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली, पेट्रोलवर चालणारी. मिशिगनमध्ये असल्यामुळे ती जवळजवळ पाच महिने थंडीत नुसती उभी असते. खालची बरीच उदाहरणं अशाच गाडीची आहेत, पण क्लास ए बस असो की छोटी क्लास बी व्हॅन, कामाचा क्रम फारसा बदलत नाही.

आधी फाइल करा

मोटरहोमची खरी अडचण अशी की ती एका कंपनीची वस्तूच नसते. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, ॲक्सल फोर्डचे. वरचं घर बांधणारा वेगळा, आणि तो बहुतेक वेळा इंडियानातल्या एल्कहार्ट परिसरातला, कारण अमेरिकेचा हा सगळा धंदा तिथेच एकवटला आहे. फ्रिज, फर्नेस, वॉटर हीटर, एसी, टॉयलेट डोमेटिक, सबर्बन, थेटफर्ड अशा आणखी कंपन्यांचे. प्रत्येकाची वॉरंटी निराळी. फोर्डची साधारण ३ वर्षं किंवा ३६,००० मैल, घराची बऱ्याचदा फक्त एक वर्ष, आणि उपकरणांची ज्याच्या त्याच्या कागदावर लिहिलेली. काही बिघडलं की घरवाला म्हणतो चॅसिसवाल्याकडे जा, चॅसिसवाला म्हणतो हे आमचं नाही. लेमन लॉवर, म्हणजे सदोष नव्या गाडीच्या ग्राहकाला संरक्षण देणाऱ्या कायद्यावर, भिस्त ठेवू नका. अनेक राज्यांत तो मोटरहोमच्या राहत्या भागाला लागूच होत नाही.

म्हणून गाडी आली त्याच आठवड्यात एक फाइल करा. प्रत्येक उपकरणाच्या स्टिकरचा फोटो काढा, मॉडेल नंबर आणि सीरियल नंबर दोन्ही दिसतील असा. फ्रिजचा स्टिकर दाराच्या आत असतो, वॉटर हीटरचा बाहेरच्या झाकणामागे, फर्नेसचा बऱ्याचदा जाळी काढल्याशिवाय दिसत नाही. मग गाडीचा १७ अक्षरी व्हीआयएन नंबर केंद्र सरकारच्या रस्ता सुरक्षा खात्याच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल आहे का ते पाहा. एवढ्यावर थांबू नका. फ्रिज आणि हीटरचे रिकॉल गाडीच्या नव्हे, त्या उपकरणाच्या सीरियल नंबरवरून कळतात, आणि गॅसवर चालणाऱ्या फ्रिजचे आगीच्या धोक्यापायी मोठे रिकॉल झालेले आहेत. गाडी जुनी विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाने ते काम करून घेतलं असेल असं गृहीत धरू नका.

छप्पर : सगळ्यात मोठं काम

एकच काम करायला वेळ असेल तर हे करा. मोटरहोम इंजिनामुळे क्वचितच भंगारात जाते, ती पाण्यामुळे जाते. भिंत म्हणजे बाहेर फायबरग्लासचा पातळ पत्रा, त्याला चिकटवलेला पातळ प्लायवूड आणि आत फोम. पाणी एकदा त्या थरांत शिरलं की गोंद सुटतो, पत्रा फुगतो, आणि हा फुगवटा मूळच्यासारखा पुन्हा बसत नाही. दुरुस्ती म्हणजे भिंत उघडणं. तिचं बिल पाहून लोक गाडी विकून टाकतात.

कोकणात पावसाळ्याआधी घर शाकारतात, तसं या गाडीचं छप्पर वर्षातून निदान दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, पाहायलाच हवं. उन्हात उभी राहणारी गाडी असेल तर दर तीन महिन्यांनी.

छप्पर कशाचं आहे ते कागदपत्रांत पाहा. ईपीडीएम रबर, टीपीओ किंवा फायबरग्लास, यांपैकी एक असेल. ईपीडीएम जुनं झालं की हाताला खडूसारखी पांढरी भुकटी लागते. त्यावर पेट्रोलियम असलेला कुठलाही क्लीनर लावायचा नाही, रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरे. वर चढण्याआधी छप्पर माणसाचं वजन पेलणारं आहे ना ते मॅन्युअलमध्ये पाहा, आणि गुडघ्याखाली प्लायवूडची फळी घ्या म्हणजे भार एका जागी येत नाही. दव पडलेलं असताना चढू नका. ओलं रबर भयंकर घसरतं.

आता पुढून मागे जा. छपराला जिथे जिथे भोक पाडलं आहे तिथे तिथे पांढऱ्या-करड्या सीलंटचा थर दिसेल: हवेचे व्हेंट, एसी, अँटेना, बाथरूमवरचा स्कायलाइट, प्लंबिंगच्या नळ्या, शिडीचे पाय. शिवाय पुढची टोपी आणि छप्पर जिथे जुळतात तो आडवा सांधा, आणि दोन्ही बाजूंच्या लांब पट्ट्या. प्रत्येक ठिकाणी थांबून जवळून पाहा. केसाएवढी भेग, सीलंटची सुटलेली कड, वर डोकावणारं स्क्रूचं डोकं, यांपैकी काहीही दिसलं की मास्किंग टेपचा तुकडा लावून खूण करा. पूर्ण फेरी झाल्यावरच दुरुस्तीला लागा, नाहीतर हाताला सीलंट लागलेलं असताना पुढचं पाहिलं जात नाही.

दुरुस्ती अवघड नाही. सुटलेलं सीलंट प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढायचं, धातूच्या पट्टीने नाही. घट्ट बसलेलं असेल ते तसंच राहू द्यावं. जागा साबणाने धुवायची, वाळू द्यायची, मग कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून फक्त तेवढीच जागा पुसायची. वर आपोआप पसरणारं लॅप सीलंट भरायचं. डायकॉरचं इथे सगळे वापरतात. ते सपाट जागेसाठी. उभ्या बाजूला तेच लावलं तर ओघळून खाली येतं, तिथे त्याच कंपनीचं न ओघळणारं घ्यावं. हवा कोरडी आणि १० अंश सेल्सियसच्या वर असावी. लांब सांध्यांसाठी एटर्नाबाँडची टेप उत्तम, पण ती एकदा बसली की निघत नाही, म्हणून जागा अगदी स्वच्छ करूनच लावा.

सिलिकॉन मात्र छपराला लावू नका. हार्डवेअरच्या दुकानात ते स्वस्त मिळतं आणि सुरुवातीला पाणी थांबवतंही. पण त्यावर नंतर दुसरं कुठलंच सीलंट धरत नाही, आणि पुढच्या दुरुस्तीच्या वेळी ते कणाकणाने खरवडत बसावं लागतं.

एसीची गोष्ट वेगळी आहे. तो १४ बाय १४ इंचांच्या भोकावर फोमच्या गॅस्केटवर बसवलेला असतो आणि आतल्या बाजूने चार लांब बोल्टांनी आवळलेला असतो. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी बोल्ट सैल होतात आणि पाणी आत येतं. आतलं कव्हर काढून बोल्ट हळूहळू, आळीपाळीने, सगळे सारखे आवळा. गॅस्केट साधारण अर्ध्या इंचापर्यंत दबलं की थांबा. जास्त आवळलं तर गॅस्केट चिरडून जातं आणि मग गळती कायमची होते.

छप्पर झालं की आत या. क्लास सी गाडीत सगळ्यात आधी ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग पाहायचा. पुढून येणारा वारा आणि पाऊस तिथेच आदळतो. गादी पूर्ण उचला. खालच्या प्लायवूडच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांवर अंगठा दाबून पाहा. निरोगी लाकूड हूं का चूं करत नाही. अंगठा जरा जरी आत गेला, किंवा दाबल्यावर करकर आवाज आला, तर पाणी तिथे पोहोचलेलं आहे. नाक जवळ नेऊन वास घ्या. बंद माळ्यावरच्या जुन्या कागदांचा वास आला तर तोही पुरावाच. कपाटांच्या आतले वरचे कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा, बाथरूमचा स्कायलाइट, मागच्या दिव्यांच्या आतली बाजू, हेही असंच तपासा. ओल मोजण्याचा टोकदार मीटर मिळतो, तो घ्याच. आकडा १५ टक्क्यांच्या खाली असेल तर निश्चिंत राहा. २० च्या वर गेला तर पाणी कुठून येतं ते शोधल्याशिवाय दुसरं काही करू नका.

बाहेरची भिंत रात्री पाहावी. बॅटरीचा झोत भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा मारला की दिवसा न दिसणारे फुगवटे सावल्यांनी उठून दिसतात. जुनी गाडी विकत घ्यायला जाल तेव्हाही हे करा, विकणारा कितीही घाईत असला तरी.

टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात

मोटरहोम वर्षाला फारशी चालत नाही, त्यामुळे टायरची नक्षी नव्यासारखी दिसते आणि माणूस फसतो. ऊन आणि हवेतला ओझोन बाजूच्या भिंतीला बारीक चिरा पाडतात, आतला गोंद सुटतो, आणि टायर भर हायवेवर फुटतो. मागचा टायर फुटला की त्याचे तुकडे वरची फरशी, वायरिंग, प्लंबिंग असं जे सापडेल ते फाडत जातात. म्हणजे एका टायरची बचत घराच्या दुरुस्तीत जाते.

टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांनी सुरू होणारा एक कोड असतो. त्याचे शेवटचे चार आकडे पाहा. २३१९ असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. हे आकडे अनेकदा आतल्या बाजूला असतात, म्हणून गाडीखाली वाकावं लागतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासून घ्या आणि सात वर्षांच्या पुढे वापरू नका, नक्षी कशीही दिसो. ई-४५०ला सहा टायर लागतात. तो खर्च मोठा आहे, पण तारीख आधीच माहीत असल्यामुळे त्याची तरतूद करता येते.

हवा किती भरायची हे टायरवर छापलेल्या कमाल आकड्यावरून ठरवू नका. पाणी, सामान, माणसं सगळं भरून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल नावाच्या वजनकाट्यावर गाडीचं वजन करा. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वजन वेगवेगळं मिळतं. मग टायर कंपनीचा तक्ता पाहून त्या वजनाला किती हवा लागते ते काढा, आणि ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर दिलेल्या आकड्याशी ताडून पाहा. ई-४५० चॅसिसची एकूण मर्यादा १४,५०० पौंड आहे आणि क्लास सी गाड्या, विशेषतः मागच्या ॲक्सलवर, वजनाच्या मर्यादेच्या फार जवळ असतात. पाण्याचं एक गॅलन ८.३ पौंडांचं. ४० गॅलनची टाकी भरून निघालात तर ३३० पौंड नुसतं पाणीच वाहून नेताय. कॅम्पग्राउंडवर नळ असेल तर टाकी थोडीच भरून निघावं.

मागच्या जोडीतल्या आतल्या टायरची हवा तपासायला कठीण जाते, म्हणून लोक ती तपासतच नाहीत. व्हॉल्व्हला धातूची लांब नळी बसवून घ्या.

वीज : दोन वेगळ्या दुनिया

गाडीत १२ व्होल्टची एक यंत्रणा असते, ती बॅटरीवर दिवे, पंप, फर्नेसचा पंखा चालवते. दुसरी १२० व्होल्टची, ती बाहेरच्या प्लगवर किंवा जनरेटरवर एसी आणि मायक्रोवेव्ह चालवते. बिघाड शोधताना पहिला प्रश्न हाच: बंद पडलेली वस्तू यांपैकी कशावर चालते?

आधी घरच्या प्लगबद्दल, कारण इथली चूक सगळ्यात महागात पडते. गाडीचा ३० ॲम्पिअरचा तीन पायांचा प्लग १२० व्होल्टचा असतो. इलेक्ट्रिशियनला मात्र ३० ॲम्पिअर म्हटलं की कपडे वाळवायच्या ड्रायरचा २४० व्होल्टचा प्लग आठवतो आणि तो तसंच वायरिंग करून जातो. ओळखीतल्या एका घरी हे झालं. गाडी जोडल्याबरोबर मायक्रोवेव्ह, कन्व्हर्टर (१२० व्होल्टवरून १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करणारं यंत्र) आणि टीव्ही एका क्षणात गेले. त्यामुळे नवा प्लग बसवून घेतला की गाडी जोडण्याआधी मल्टिमीटरने मोजा: फेज आणि न्यूट्रलमध्ये १२०, फेज आणि अर्थिंगमध्ये १२०, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये जवळजवळ शून्य. यापेक्षा वेगळं काही दिसलं तर जोडायचं नाही. मोजायची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनला तुमच्यासमोर मोजून दाखवायला सांगा.

कॅम्पग्राउंडवर कमी व्होल्टेजचा त्रास जास्त. जुलैच्या दुपारी सगळ्यांचे एसी चालू असतात, व्होल्टेज खाली येतं, आणि एसीचा कॉम्प्रेसर तापून जळतो. साध्या सर्ज प्रोटेक्टरने हे थांबत नाही. कमी व्होल्टेजला स्वतःहून वीज तोडणारी ईएमएस प्रकारची पेटी घ्या. ३० ॲम्पिअरवर एकूण ३६०० वॅट मिळतात, तेव्हा एसी चालू असताना मायक्रोवेव्ह आणि इलेक्ट्रिक शेगडी एकदम लावली तर ब्रेकर पडणारच, तो बिघाड नव्हे. (५० ॲम्पिअरच्या गाडीला दोन फेज मिळतात, म्हणून तिथे १२,००० वॅट.)

बॅटरीसाठी मल्टिमीटर हेच डॉक्टर. काहीही चालू नसताना काही तास थांबून मोजा. लेड ॲसिड बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवते तेव्हा भरलेली, १२.१ च्या आसपास अर्धी. अर्ध्याखाली वारंवार गेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. पाण्याची बॅटरी असेल तर दर महिन्याला पातळी पाहा आणि फक्त डिस्टिल्ड पाणी घाला. उभ्या गाडीतही गॅसचा डिटेक्टर आणि रेडिओची मेमरी थोडी थोडी वीज खात राहतात, आणि तेवढ्याने काही आठवड्यांत बॅटरी उतरते. म्हणून डिस्कनेक्ट स्विच वापरा.

लिथियम बॅटरी खरंच चांगली, पण ती नुसती जुनीच्या जागी ठेवून भागत नाही. कन्व्हर्टर तिला योग्य तऱ्हेने चार्ज करणारा हवा, आणि इंजिनाच्या अल्टरनेटरवर ताण येऊ नये म्हणून मध्ये डीसी टू डीसी चार्जर लागतो. शून्य अंशाखाली तिला चार्ज केलं तर ती आतून खराब होते. मिशिगनसारख्या ठिकाणी ती गाडीच्या आतच बसवावी.

प्रोपेन, फर्नेस आणि फ्रिज

गॅसच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहणं आपण करू शकतो आणि मोसमात एकदा करावंच. पण संपूर्ण लाइनची दाब-चाचणी वर्षातून एकदा प्रशिक्षित माणसाकडून करून घ्या. डिटेक्टर उलटा करून मागची तारीख वाचा. प्रोपेनचा डिटेक्टर पाच ते सात वर्षांत निकामी होतो आणि शेवटी एकसारखा चिवचिवू लागतो. तो आवाज बंद करायला वायर काढणारे लोक मी पाहिले आहेत. कृपया असं करू नका, नवा बसवा. मिरचीची फोडणी दिल्यावर धुराचा अलार्म वाजतो तेव्हाही तो काढून ठेवण्याऐवजी पंखा लावा आणि खिडकी उघडा. गाडी चालवताना टाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवावा असं माझं मत आहे. फ्रिज न उघडता काही तास थंडगार राहतो. पेट्रोल भरताना तर व्हॉल्व्ह बंद हवाच.

फर्नेसबद्दल लोकांचा हमखास प्रश्न असतो: पंखा फिरतो, पण गरम हवा येत नाही. याचा क्रम असा. आधी शेगडी पेटवून पाहा, गॅस येतोय का ते कळतं. मग बॅटरीचं व्होल्टेज मोजा. फर्नेसमध्ये सेल स्विच नावाचं एक छोटं पातं असतं. पंख्याच्या वाऱ्याने ते ढकललं गेलं तरच ठिणगी पडते. बॅटरी कमजोर असली की पंखा फिरताना दिसतो, पण पातं ढकलण्याइतका जोर नसतो. व्होल्टेज ठीक असेल तर पात्यावर धूळ आणि कुत्र्यामांजरांचे केस अडकले आहेत का ते पाहायचं. आणि बाहेरच्या जाळीत मातीचं घर करणारी गांधीलमाशी शिरली आहे का तेही. या माशा आणि कोळी दोघंही तिथे घर करतात, म्हणून फर्नेस आणि वॉटर हीटरची तोंडं मोसमाआधी साफ करा. वर बारीक जाळी बसवायची तर आधी मॅन्युअल पाहा, फर्नेसवर ती लावू नका असं सबर्बनसारखी कंपनी सांगते.

गॅसवर चालणाऱ्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन बंद नळ्यांत उष्णतेने फिरत राहतात, आणि हे फिरणं गुरुत्वाकर्षणावर चालतं. त्यामुळे तो चालू असताना गाडी सपाट जागी हवी. उतारावर तासन्‌तास चालू ठेवला तर द्रव एका जागी साठतो, खालची नळी जास्त तापते, आतलं गंजरोधक रसायन गोठून मार्ग बुजतो, आणि ते नुकसान परत भरून येत नाही. अमोनियाचा उग्र वास आला किंवा मागच्या बाजूला पिवळी भुकटी दिसली तर फ्रिज तत्काळ बंद करा आणि दारं-खिडक्या उघडा. निघायच्या आदल्या रात्रीच तो चालू करा. थंड व्हायला सहा-आठ तास लागतात, म्हणून भाज्या भरताना तो गरम असेल तर बिघडला आहे असं समजू नका.

पाणी : गरम, गार आणि सांडपाणी

सबर्बनचा वॉटर हीटर असेल तर टाकी पोलादाची असते आणि तिच्यात ॲनोड रॉड असतो. पाण्यातली गंजण्याची क्रिया टाकीऐवजी या रॉडवर व्हावी ही त्यामागची योजना. वर्षातून एकदा हीटर बंद करून पूर्ण गार होऊ द्या, प्रेशर व्हॉल्व्ह उघडून दाब सोडा, आणि मगच १ १/१६ इंचाच्या सॉकेटने रॉड काढा. नवा रॉड अंगठ्याएवढा जाड असतो. कधी कधी बाहेर येते ती नुसती वाकडी तार, तिला चुनखडीचे चार गठ्ठे चिकटलेले. तीनचतुर्थांश झिजला की बदला, दुकानात स्वस्त मिळतो. ॲटवुडच्या जुन्या हीटरची टाकी ॲल्युमिनियमची असते, तिथे ॲनोड घालायचा नाही. आणि टाकी रिकामी असताना विजेचं बटण चुकूनही दाबू नका. हीटिंग एलिमेंट काही सेकंदांत जळतो.

नळ बंद असताना पंप मध्येच घर्र करत असेल तर कुठेतरी गळतं आहे. रात्री सगळं शांत झाल्यावर ऐका, मग सिंकखाली, टॉयलेटमागे, बाहेरच्या शॉवरच्या झडपेत कोरडा कागद लावत जा. हादऱ्यांनी प्लॅस्टिकच्या फिटिंग सैल होतात. बहुतेक वेळा हाताने आवळून काम होतं. कॅम्पग्राउंडच्या नळाला दाब जास्त असू शकतो, म्हणून ४० ते ६० पीएसआयचा रेग्युलेटर नेहमी लावा.

ब्लॅक टँक, म्हणजे शौचालयाची टाकी, पाण्याच्या कमतरतेने बिघडते. व्हॉल्व्ह सतत उघडा ठेवला की पाणी निघून जातं आणि घट्ट मैला खाली साचून दगडासारखा होतो. व्हॉल्व्ह बंदच ठेवा, टाकी रिकामी केल्यावर दोन-तीन गॅलन पाणी घाला, आणि निदान दोनतृतीयांश भरल्यावर रिकामी करा. आपल्या घरांत पाणी वापरायची सवय असल्यामुळे टाकी लवकर भरते, पण त्या टाकीच्या तब्येतीला तेच चांगलं. आधी ब्लॅक सोडा, मग ग्रे (सिंक आणि शॉवरच्या सांडपाण्याची टाकी), म्हणजे नळी धुऊन निघते. टॉयलेटच्या भांड्यात पाणी टिकत नसेल तर वास येणार. झडपेच्या कडेचं रबर साफ करून प्लंबरचं सिलिकॉन ग्रीस लावा, तरी टिकलं नाही तर रबर बदला.

ग्रे टाकीचा वास मात्र बहुतेक आपल्या स्वयंपाकाचाच असतो. फोडणीचं तेल, आमटीचा तळ, भाताची पेज टाकीत जाऊन भिंतींना चिकटतात. भांडी धुण्याआधी कागदाने पुसून घ्यायची शिस्त लावा.

स्लाइड-आउट आणि जनरेटर

स्लाइड, म्हणजे गाडी उभी असताना बाहेर सरकणारा खोलीचा भाग, आत-बाहेर करताना इंजिन चालू ठेवा किंवा गाडी प्लगवर असू द्या. कमी व्होल्टेजने मोटर अडकते. स्लाइडच्या डोक्यावरचा पालापाचोळा झाडल्याशिवाय आत घेऊ नका. स्लाइड सरकवण्याच्या श्विनटेक पद्धतीत दोन्ही बाजूंना दातेरी पट्ट्या आणि दोन मोटरी असतात आणि त्यांचा ताळमेळ सुटतो, म्हणून स्लाइड पूर्ण उघडली किंवा मिटली तरी बटण काही सेकंद दाबून ठेवा. त्या पट्ट्यांना चिकट ग्रीस लावू नका, धूळ बसते. हाताने स्लाइड आत घ्यायची रीत घराच्या अंगणात एकदा करून पाहा.

जनरेटर वापरला नाही तर बिघडतो. अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते कार्ब्युरेटरमध्ये बसून राहिलं की बारीक भोकं बुजतात आणि जनरेटर वरखाली होत धापा टाकल्यासारखा चालतो. महिन्यातून एकदा दोन तास, एसीसारखा भार देऊन चालवा. नुसता चालू करून पाच मिनिटांनी बंद करण्याचा उपयोग नाही. ओनान ४००० सारख्या जनरेटरचं तेल १५० तासांनी किंवा वर्षातून एकदा बदला. पेट्रोलची टाकी पाव भागाच्या खाली गेली आणि जनरेटर आपोआप बंद पडला तर घाबरू नका. तुम्ही रानात अडकू नये म्हणून त्याची नळी मुद्दाम वर ठेवलेली असते.

हिवाळ्याआधी

बर्फ पडणाऱ्या राज्यांत एका रात्रीत सगळी प्लंबिंग फुटू शकते. हा क्रम मोडू नका.

१. तिन्ही टाक्या (पिण्याच्या पाण्याची, ग्रे आणि ब्लॅक) रिकाम्या करा, ब्लॅक टाकी नीट धुवा.
२. हीटर गार झाल्यावर दाब सोडून रिकामा करा आणि बायपास व्हॉल्व्ह वळवा, नाहीतर सहा गॅलन अँटिफ्रीझ (नळ्यांत भरायचं न गोठणारं द्रावण) फुकट जाईल.
३. पाण्याचे फिल्टर काढा. खालचे ड्रेन उघडा, पाणी गेलं की बंद करा.
४. पंपाची नळी आरव्हीसाठीच्या, म्हणजे मोटरहोमसारख्या गाड्यांसाठीच्या, गुलाबी अँटिफ्रीझच्या डब्यात सोडा आणि पंप चालू करा. गाड्यांचं हिरवं कूलंट विषारी असतं, ते पिण्याच्या पाण्याच्या लाइनमध्ये कधीही नाही.
५. पंपाजवळच्या नळापासून सुरू करून एकेक नळ, आधी गरम मग गार, गुलाबी येईपर्यंत उघडा. टॉयलेट, आतला आणि बाहेरचा शॉवर विसरू नका. बाहेरचा शॉवर विसरल्यामुळेच सगळ्यात जास्त फुटाफुटी होते.
६. प्रत्येक सिंकमध्ये, शॉवरच्या मोरीत आणि टॉयलेटमध्ये एकेक कपभर ओता.

साधारण दोन-तीन गॅलन पुरतात. नंतर पेट्रोलची टाकी भरून त्यात स्टॅबिलायझर घाला आणि तो जनरेटरपर्यंत पोहोचेल इतका वेळ इंजिन व जनरेटर चालवा. लेड ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज करून डिस्कनेक्ट करा. भरलेली बॅटरी थंडीत टिकते, उतरलेली गोठून फुटते. फ्रिजचं दार किंचित उघडं ठेवा. तांदूळ, कणीक, डाळी, मसाल्यांचे डबे सगळं घरात न्या, कारण उंदीर त्याच वासाने येतात आणि खाऊन झाल्यावर वायरिंग कुरतडतात. खालून जिथे पाइप आत येतात तिथल्या फटींत स्टीलची जाळी ठासून भरा. ताडपत्री घालू नका, आत ओल कोंडते आणि वाऱ्याने रंग घासला जातो. हवा खेळेल असं कव्हर घ्या.

वसंतात पिण्याच्या पाण्याची टाकी धुताना दर १५ गॅलन पाण्याला पाव कप साधं, बिनवासाचं ब्लीच, म्हणजे ४० गॅलनला सुमारे दोनतृतीयांश कप. बादलीत पातळ करून घाला, प्रत्येक नळाला वास येईपर्यंत सोडा, रात्रभर ठेवा, आणि वास जाईपर्यंत धुवा.

स्वतः काय करावं, कुणाला बोलवावं

सीलंट, ॲनोड, फिल्टर, बॅटरीचं पाणी, सैल स्क्रू, टॉयलेटचं रबर हे सगळं घरच्या माणसाने करावं. हत्यारांत मल्टिमीटर, फ्यूजचा डबा, हवेचा गेज आणि दोन नंबरचं चौकोनी टोकाचं बिट हवंच. गाडीतले अर्धे स्क्रू चौकोनी खाचेचे असतात आणि साध्या स्क्रूड्रायव्हरने नुसते झिजतात. गॅसची लाइन, ब्रेक, फ्रिजच्या मागचं काम आणि १२० व्होल्टचं पॅनेल मात्र जाणकाराकडे द्या. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं. स्मोकी माउंटन्ससारख्या लांब उतारावर ते उकळून पेडल खाली जाऊ शकतं, म्हणून मैल कमी झाले असले तरी दोन-तीन वर्षांनी बदलून घ्या. इतकी उंच आणि जड गाडी उचलणारी लिफ्ट प्रत्येक फोर्ड डीलरकडे नसते. जाण्याआधी उंची आणि वजन सांगून विचारा. नाही म्हणाले तर ट्रकचं वर्कशॉप गाठा.

घराच्या भागासाठी मोबाइल तंत्रज्ञ, म्हणजे गाडीपाशी येऊन काम करणारा, हा मला सगळ्यात चांगला पर्याय वाटतो. आमची गाडी नवी असताना खिडकीच्या सीलच्या छोट्याशा कामासाठी एका डीलरकडे जवळजवळ अख्खा उन्हाळा उभी राहिली, कारण सुटा भाग आला नव्हता. भाग येईपर्यंत गाडी घरी ठेवता येते का, हे आधीच विचारावं आणि उत्तर ईमेलवर लिहून घ्यावं. वर्कशॉपला देताना बिघाड बोलून सांगू नका, लिहून द्या: काय होतं, कधी होतं, त्या वेळी व्होल्टेज किती होतं. फोटो जोडा. तपासणीची फी किती, ती बिलात धरणार का, बदललेला जुना भाग परत मिळेल का, हेही विचारा. एप्रिल ते जून या काळात कुणालाच वेळ नसतो, त्यामुळे वसंतातल्या कामाची यादी जानेवारीत करा आणि फेब्रुवारीत फोन लावून तारीख घ्या.